काळा बंपर पांढरट का पडतो? पिकअपचं प्लास्टिक पुन्हा काळं करायला पैसे घालण्याआधी ही साधी चाचणी करा

वाशीच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीबाहेर सकाळी लागलेली पिकअपची रांग नीट पाहिलीत, तर गाडीचं वय ओळखायला नंबर प्लेट वाचावी लागत नाही. बंपर बघितला तरी पुरतं. गाडी नवी असेल तर तो कोळशासारखा काळा. तीन-चार उन्हाळे काढले असतील तर करडा. त्याहून जुनी असेल तर राख फासल्यासारखा पांढरट, आणि त्यावर मधूनच कुणीतरी तेलाचं फडकं फिरवल्याचे पट्टे.

गंमत म्हणजे याच गाडीचा पत्र्यावरचा रंग बऱ्याचदा चांगला असतो. इंजिनाची तक्रार नसते, टायरही बरे असतात. पण बंपर, आरशांची टोपणं, चाकांवरचं क्लॅडिंग, वायपरखालची जाळी आणि दरवाज्यांची हँडल करडी पडली की अख्खी गाडी थकलेली दिसते. विकायला काढली की एजंट पहिलं बोट तिथेच ठेवतो. ज्याचं घर एका छोट्या हत्तीवर किंवा बोलेरो पिकअपवर चालतं, त्याच्यासाठी हा हौसेचा प्रश्न नसतो.

म्हणूनच काळं करून देण्याच्या उपायांची बाजारात रेलचेल आहे. वॉशिंग सेंटरवरचा चमक स्प्रे, ऑनलाइन मिळणाऱ्या 'कायमस्वरूपी' कोटिंगच्या बाटल्या, मोबाइलवर दिसणारे हीट गनचे व्हिडिओ, खोबरेल तेल, बूट पॉलिश, शेवटी गॅरेजमधलं जळकं ऑइल. यातले काही उपाय खरंच चालतात, काही पहिल्या पावसापर्यंत टिकतात आणि काहींमुळे होतं नव्हतं तेही बिघडतं. कोणता कुठे चालेल हे कळायला आधी प्लास्टिकचं नेमकं काय होतं ते पाहू.

रंग उडालेला नसतोच

बहुतेक काळे बंपर आणि क्लॅडिंग पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे असतात. धक्का बसल्यावर तडकू नये म्हणून त्यात रबर मिसळतात आणि ताठपणासाठी टाल्कची, म्हणजे शंखजिऱ्याची पूड घालतात. विश्वास बसत नसेल तर बंपरच्या किंवा मडगार्डच्या आतल्या बाजूला बॅटरी मारून पाहा. तिथे बाणांसारख्या दोन कंसांमध्ये 'पीपी' किंवा 'पीपी अधिक ईपीडीएम' आणि पुढे 'टीडी २०' अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली सापडतील. टीडी २० म्हणजे त्या प्लास्टिकमध्ये २० टक्के टाल्क आहे.

काळा रंग येतो कार्बन ब्लॅकमुळे. ही जवळजवळ काजळीच. टायर काळा असतो तोही हिच्यामुळे. काजळी उन्हाने उडत नाही. उलट सूर्याचे अतिनील किरण शोषून ती प्लास्टिकला वाचवते. मग बिघडतं काय?

बिघडतं ते काजळीला धरून ठेवणारं प्लास्टिक. पॉलिप्रॉपिलीनचा रेणू म्हणजे कार्बनची लांबच लांब साखळी. या साखळीतल्या प्रत्येक दुसऱ्या कार्बनला एक असा हायड्रोजन चिकटलेला असतो, जो तुलनेने सहज सुटतो. अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून नेमका तिथेच घाव घालतात आणि साखळीचे तुकडे होऊ लागतात. हे रोखण्यासाठी कंपन्या प्लास्टिकमध्ये स्टॅबिलायझर नावाची रसायनं घालतात. पण तीही वर्षानुवर्षांच्या उन्हात खर्ची पडतात. त्यात काळी वस्तू भर उन्हात ६०-७० अंशांपर्यंत तापते, आणि उष्णतेने ही झीज आणखी वेगाने होते.

याचं घरगुती उदाहरण गच्चीवरची मोल्डेड खुर्ची. तीही याच प्लास्टिकची असते. दोन-तीन उन्हाळे बाहेर राहिली की तिच्यावर हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागते, आणि एक दिवस पाहुणे बसले की पाय फाकतो. बंपर तिच्यापेक्षा बराच जाड आणि चांगल्या प्रतीचा असतो, त्यात काजळीही असते. त्यामुळे तो असा मोडत नाही. त्याचा फक्त वरचा, साधारण केसाच्या जाडीच्या आसपासचा थर खराब होतो. तिथलं प्लास्टिक झिजतं, आतली टाल्कची पूड उघडी पडते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात. या खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो. विखुरलेला प्रकाश आपल्याला पांढरट दिसतो. खालचं प्लास्टिक अजूनही काळंच असतं.

पत्र्याच्या रंगाचं असं लवकर होत नाही, कारण त्याच्यावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो आणि अतिनील किरण अडवायची रसायनं त्या थरात असतात. काळ्या बंपरवर असा थर नसतो. तो न रंगवता तसाच बसवलेला असतो, कारण ते स्वस्त पडतं आणि लोडिंगच्या धक्क्यांत ओरखडे दिसून येत नाहीत. मालवाहू गाडीसाठी हा निर्णय चुकीचा नाही. फक्त त्याची किंमत पाच वर्षांनी दिसते.

एक गोष्ट स्वतः पडताळून पाहण्यासारखी आहे. बंपरच्या वरच्या कडेची आणि खालच्या, जमिनीकडे वळलेल्या कडेची तुलना करा. दोन्ही एकाच दिवशी, एकाच साच्यातून निघालेल्या. वरची करडी असेल, खालची काळी. गाडी रोज एकाच जागी एकाच दिशेला तोंड करून उभी राहत असेल, तर डाव्या-उजव्या बाजूतही फरक दिसतो.

पाण्याची चाचणी

आता ती चाचणी. तिला एक रुपयाही लागत नाही. बंपर स्वच्छ धुऊन कोरडा करा आणि पांढरट भागावर ओला हात फिरवा.

ओलं केल्यावर प्लास्टिक चांगलं काळं दिसलं आणि सुकल्यावर पुन्हा करडं झालं, तर झीज वरवरची आहे. पाणी त्या बारीक भेगांमध्ये भरतं. प्रकाश वळवण्याचा त्याचा गुण हवेपेक्षा प्लास्टिकच्या जास्त जवळचा आहे. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३, पॉलिप्रॉपिलीनचा साधारण १.४९. हा फरक कमी झाला की प्रकाश कमी विखुरतो आणि खालचा काळा रंग दिसू लागतो. पहिल्या सरीनंतर डांबरी रस्ता गडद दिसतो, तो याच कारणाने.

ओलं करूनही प्लास्टिक करडंच राहिलं, किंवा बोटाला भरपूर भुकटी येत असेल आणि नखाने कोपरा सुटत असेल, तर वरचा थर फार पुढे गेला आहे. अशा बंपरवर महागडी बाटली ओतून उपयोग नाही. तिथे रंग किंवा नवा बंपर हेच दोन मार्ग उरतात.

ही चाचणी इतकी कामाची का? कारण काळं करणारे जवळपास सगळे द्रव, मग ते २०० रुपयांचे असोत की २,००० रुपयांचे, मुळात हेच करतात. ते भेगा भरतात. फरक एवढाच की ते पाण्यासारखे तासाभरात उडून जात नाहीत. मेलेला थर यातला कुठलाही द्रव जिवंत करत नाही. 'प्लास्टिकला आतून पोषण' असं बाटलीवर लिहिलेलं असेल तर ते खोबरेल तेलाच्या जाहिरातीसारखं समजावं.

आधी खात्री करा: पांढरं नक्की काय आहे?

प्रत्येक पांढरा डाग उन्हाचा नसतो. दोन गोष्टी हमखास फसवतात.

पहिली म्हणजे पॉलिश. पत्र्याला वॅक्स किंवा रबिंग पॉलिश करताना ते शेजारच्या दाणेदार प्लास्टिकवर लागतं, त्या दाण्यांत अडकतं आणि सुकल्यावर पांढरं दिसतं. पत्र्याला लागून असलेल्या कडेला सरळ रेषेत पांढरे डाग असतील तर संशय पॉलिशवर घ्या. सौम्य साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश एवढ्यावर ते निघतं.

दुसरी म्हणजे बोअरचं पाणी. जड पाण्याने गाडी धुऊन उन्हात वाळवली की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात आणि थेंबाच्या आकाराची पांढरी वर्तुळं उमटतात. बादलीच्या कडेला जमतो तोच हा थर. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसलं आणि लगेच साध्या पाण्याने धुतलं की हे डाग फिके होतात. यावर वॉशिंग सेंटरवालं जोरदार ॲसिड मारायचा मोह टाळावा. शेजारी नट-बोल्ट असतात, ॲल्युमिनियम असतं, रेडिएटरही फार लांब नसतो.

दसऱ्याला गाडीची पूजा करताना बंपरवर काढलेलं हळदी-कुंकवाचं स्वस्तिकही या खडबडीत थरात मुरतं. हळदीची काळजी करू नका. तिचा पिवळा रंग उन्हातच उडतो. कुंकवाचा लाल डाग मात्र हट्टी असतो, तो त्याच दिवशी ओल्या फडक्याने टिपून घेतलेला बरा.

खोबरेल, बूट पॉलिश आणि जळकं ऑइल

सगळ्यात स्वस्त म्हणून हेच आधी वापरलं जातं, आणि पाण्याच्या तर्काने ते का 'चालतं' हे आता लक्षात आलं असेल. तेलही भेगा भरतं.

खोबरेल तेल सुकत नाही. ते ओलसरच राहतं, त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि चार दिवसांत बंपर काळ्याऐवजी मातकट दिसतो. नुकसान म्हणाल तर एवढंच. अळशीचं, म्हणजे जवसाचं तेल मात्र हवेत सुकून कडक पापुद्रा धरतं, म्हणून ते जास्त टिकतं. पण ते वापरलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता बाहेर पडते आणि गोळा केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच टाका.

बूट पॉलिशने काळा रंग छान येतो. पहिल्या पावसात तो पत्र्यावर ओघळतो, आणि बंपरला टेकून उभ्या राहणाऱ्याच्या पँटवर उतरतो.

जळकं ऑइल आणि डिझेल हा खरा घातक प्रकार. गाडीवर हे पुसणं आपल्याकडे इतकं सर्रास चालतं की त्यात काही वावगं आहे असं वाटतच नाही. पण दरवाजे आणि काचांभोवतीची रबरं बहुतेक ईपीडीएम या जातीची असतात. हे रबर ऊन, पाऊस, ओझोन सगळं वर्षानुवर्षं सोसतं. खनिज तेलापुढे मात्र ते हरतं. तेल शोषून ते फुगतं, मऊ पडतं आणि आपला आकार सोडतं. म्हणजे दोन दिवसांच्या चकाकीपायी पावसाळ्यात केबिनमध्ये पाणी गळायची सोय होते. शिवाय इंजिनातून काढलेल्या ऑइलमध्ये त्वचेला घातक रसायनं असतात. ते उघड्या हाताने पुसण्याची वस्तूच नव्हे.

स्प्रे की कोटिंग?

वॉशिंग सेंटरवर शेवटी मारतात तो चमक स्प्रे आणि दुकानातलं डॅशबोर्ड पॉलिश हे बहुतेक सिलिकॉन तेलाचे असतात. हे तेल रबराला आणि प्लास्टिकला त्रास देत नाही आणि लगेच छान काळं दिसतं. पण ते घट्ट चिकटत नाही. उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे मिळतील, पावसाळ्यात प्रेशर पंपाने एकदा धुतलं की संपलं. शक्य असेल तर पाण्यात बनवलेला, दुधासारखा पांढरा दिसणारा प्रकार घ्या. रॉकेलसारख्या वासाचा द्रव रबरावर नको.

कोटिंग हा वेगळा प्रकार आहे. 'सिरॅमिक' नावाने विकल्या जाणाऱ्या या छोट्या बाटल्यांमधला द्रव हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन कडक होतो आणि भेगांमध्ये घट्ट बसतो. काहींमध्ये काळा रंगही मिसळलेला असतो. जास्त करड्या झालेल्या प्लास्टिकला तसा रंग असलेला प्रकार बरा पडतो. कंपन्या टिकाऊपणाचे मोठे आकडे सांगतात. पण रोज उघड्यावर उभी राहणारी आणि पंपाने धुतली जाणारी पिकअप असेल, तर वर्षभराचा हिशेब धरावा. त्याहून जास्त टिकलं तर फायदाच.

हिशेब कसा मांडायचा? समजा २०० रुपयांचा स्प्रे दोन महिने पुरतो आणि दर तीन आठवड्यांनी मारावा लागतो. वर्षाला खर्च १,२०० रुपये. समजा कोटिंगची बाटली १,५०० रुपयांना पडली. पैशात फार फरक नाही. फरक आहे तो सकाळींचा. स्प्रेसाठी वर्षातून सतरा-अठरा वेळा बसावं लागतं, कोटिंगसाठी एकदा, पण अख्खा दिवस. ज्याची गाडी रोज भाड्यावर जाते त्याने यातलं काय परवडतं ते ठरवावं. एक लक्षात ठेवा, कोटिंगची बाटली एकदा उघडली की हवेतल्या ओलाव्याने उरलेला द्रवही गोठू लागतो. म्हणून दोन-तीन गाडीवाल्यांनी मिळून एकाच दिवशी संपवली तर ती स्वस्त पडते.

कोटिंगआधीची तयारी हेच खरं काम

कोटिंग निघून आल्याच्या तक्रारी ऐकल्या तर बहुतेकांमध्ये दोष बाटलीचा नसतो, खाली राहिलेल्या मळाचा असतो. पॉलिप्रॉपिलीनला मुळातच काही चिकटायला मागत नाही. त्यात दाण्यांमध्ये जुनं सिलिकॉन, डिझेलची राख आणि वॅक्स भरलेलं असतं.

म्हणून आधी शाम्पूने धुवा. मग वंगण काढणारा सौम्य क्लीनर आणि नायलॉनचा ब्रश घेऊन दाण्यांच्या सगळ्या दिशांनी घासा. फेस करडा किंवा तपकिरी निघत राहील. तो पांढरा निघेपर्यंत थांबायचं नाही. यात अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि लोक नेमके इथेच कंटाळतात. त्यानंतर भरपूर पाण्याने धुऊन वाळवा. प्लास्टिक वरून कोरडं दिसलं तरी सांध्यांमधून पाणी झिरपत राहतं, त्यामुळे तासभर जाऊ द्या. शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून घ्या. करोनाच्या काळात हे नाव सॅनिटायझरच्या बाटल्यांवर सगळ्यांनीच वाचलं आहे. सॅनिटायझर मात्र वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं.

अल्कोहोलऐवजी थिनर हाताशी असतो म्हणून तो घेतला जातो. टाळा. बंपर पॉलिप्रॉपिलीनचा असला तरी पुढची जाळी बऱ्याचदा एबीएस प्लास्टिकची असते आणि थिनर तिला विरघळवतो. हेडलाइटची काच म्हणजे खरं तर पॉलिकार्बोनेट. तिच्यावर थिनर गेला तर बारीक तडे जाऊ शकतात.

शेजारच्या पत्र्यावर मास्किंग टेप लावा, एका कोपऱ्यात थोडंसं लावून पाहा आणि मग पातळ थर द्या. जाड थराने काळेपणा वाढत नाही, डाग मात्र पडतात. बाटलीवर सांगितलेल्या वेळानंतर जास्तीचं पुसून घ्या आणि गाडी किमान २४ तास पाण्यापासून दूर ठेवा. सावलीत करा. तापलेल्या बंपरवर द्रव पसरायच्या आतच सुकतो.

या २४ तासांमुळेच कोकणात जूनमध्ये हे काम काढण्यात अर्थ नाही. पाऊस संपल्यानंतरचे दिवस सगळ्यात बरे. तसंही दसऱ्याआधी गाडी घासली जातेच.

हीट गनचा व्हिडिओ खरा आहे, पण अर्धा

करड्या बंपरवर हीट गन फिरते आणि मागे काळाभोर पट्टा उमटत जातो. व्हिडिओत काही बनवाबनवी नसते. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६०-१६५ अंशांना वितळतं. वरचा थर क्षणभर मऊ होऊन भेगा मिटतात आणि प्रकाश विखुरणं थांबतं. 'आतलं तेल बाहेर येतं' असं जे सांगितलं जातं, त्यापेक्षा हे स्पष्टीकरण जास्त पटणारं आहे.

पण वरच्या थरातले खर्ची पडलेले स्टॅबिलायझर उष्णतेने परत येत नाहीत. त्यामुळे काही महिन्यांत बंपर पुन्हा करडा होतो, बऱ्याचदा आधीपेक्षा लवकर. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच केलं की दाणेदार पोत गुळगुळीत होऊन ठिगळं दिसू लागतात. गनमधली हवा ५००-६०० अंशांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे हात एका जागी पाच-सहा सेकंद जास्त रेंगाळला तर बंपरला पोक येतं, आणि ते कुठल्याच बाटलीने निघत नाही. काही जण गनऐवजी ब्लो लॅम्प किंवा गॅसची ज्योत वापरतात. बऱ्याच पिकअप आता सीएनजीवर आहेत, हे इथे विसरून चालणार नाही. सीएनजी गाडीजवळ, डिझेलने पुसलेल्या बंपरवर किंवा अल्कोहोल नुकतंच लावलेल्या जागी ज्योत नेणं हा निव्वळ जिवाशी खेळ आहे.

रंगवायचंच असेल तर

पाण्याच्या चाचणीत नापास झालेल्या बंपरला रंग हा टिकाऊ उपाय आहे, पण तो अर्धवट केला तर सगळ्यात कुरूप दिसणाराही तोच. भुकटी पूर्ण घासून काढली नाही आणि प्लास्टिक प्रायमर लावला नाही, तर सहा महिन्यांत रंगाचे पापुद्रे सुटतात. शिवाय बंपरवर आजवर सिलिकॉनचा स्प्रे मारला असेल तर पेंटरला आधी सांगा. सिलिकॉनचा अंश राहिला की ओल्या रंगात गोल गोल खड्डे पडतात. पेंटर त्याला 'फिश आय' म्हणतात आणि मग सगळं पुन्हा घासावं लागतं. चकाकणाऱ्या काळ्या रंगापेक्षा मॅट किंवा दाणेदार बंपर पेंट घ्या. खडी उडाल्याचे टवके त्यात लपतात.

नवा बंपर हा दुसरा मार्ग. छोट्या पिकअपचा बाजारातला बंपर कधी कधी चांगल्या रंगकामाच्या खर्चातच मिळून जातो. पण स्वस्त डुप्लिकेटमध्ये स्टॅबिलायझर किती घातलंय ते बाहेरून कळायला मार्ग नाही. नवा घेतलात तर त्याला पहिल्याच आठवड्यात, तो काळा असतानाच कोटिंग करा. झिजायच्या आधी लावलेला थर सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, आणि घासण्याचे कष्टही वाचतात.

लोखंडी ॲक्सेसरीजचं गणित वेगळं

फूटस्टेप, कॅरिअर, शिडी, मागचं गार्ड या लोखंडी वस्तूंवर पावडर कोटिंग असतं. ते करडं पडलं तर तिथे भेगा भरणारा द्रव फार काळ काम देत नाही. पावडर इपॉक्सीची असेल तर ती उन्हात लवकर खडूसारखी होते, पॉलिएस्टरची असेल तर बरीच टिकते. पुन्हा पावडर कोटिंग करून घेताना बाहेरच्या वस्तूसाठी पॉलिएस्टर हवं, एवढं आवर्जून सांगा. गंज दिसत असेल तर त्यावर काळा स्प्रे मारणं म्हणजे फोडावर पावडर लावणं. आधी गंज घासायचा, मग प्रायमर, मग रंग.

समोरच्या लोखंडी बुल गार्डवर मात्र पैसे घालू नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चं उल्लंघन ठरतात असं कळवलं होतं. पादचाऱ्याला धडक बसली तर ते जीवघेणे ठरतात आणि धडकेचा जोर थेट चासीवर जातो. ते नव्याने काळं करण्यापेक्षा काढलेलं बरं.

हे काळं करू नका

मालवाहू गाडीला सुरुवातीची ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावी लागते. पासिंगच्या आदल्या दिवशी घाईत जो हात फिरतो, त्यात रिफ्लेक्टर टेपही काळी होते. समोर पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल ही टेप म्हणजे रात्री हायवेच्या कडेला उभ्या असलेल्या तुमच्या गाडीची ओळख. तिच्यावर तेलकट स्प्रेचा थर बसला तरी धूळ चिकटून ती मंद होते.

पाय ठेवायची पायरी, पेडल आणि स्टिअरिंगवर सिलिकॉन अजिबात नको, ते घसरडं होतं. टायरच्या बाजूला लावलंत तर चालेल, रस्त्याला टेकणाऱ्या भागाला आणि ब्रेक डिस्कला नाही. वायपरखालच्या जाळीवर स्प्रे थेट मारू नका, फडक्यावर घेऊन लावा. काचेवर उडालेलं सिलिकॉन पहिल्या पावसात वायपर फिरला की समोरून येणाऱ्या दिव्यांचा झगमगाट करतं.

जुनी गाडी घेताय?

विक्रीआधी गाडी काळी करणं यात फसवणूक आहे असं नाही, घर विकताना लोक रंग देतातच. पण घेणाऱ्याला थोडं पाहता यायला हवं. पांढऱ्या फडक्यावर थोडं अल्कोहोल घेऊन बंपरचा कोपरा घासा. फडकं काळं-तेलकट झालं आणि खाली करडं निघालं, तर तो कालचा स्प्रे आहे. त्याने किंमत फार बदलू नये, पण घासाघीस करायला तेवढा मुद्दा मिळतो.

खरी माहिती मिळते ती तुकड्यांची तुलना करून. सगळीकडे सारखाच करडेपणा असेल तर ते सगळे भाग बहुधा गाडीसोबतच आलेले आहेत. एका बाजूचं क्लॅडिंग किंवा एकच आरसा ठळक काळा आणि बाकी सगळं राखाडी असेल, तर तो तुकडा कधी आणि का बदलला हे विचारा. आतल्या बाजूला बहुतेकदा घड्याळाच्या तबकडीसारखं छोटं चिन्ह कोरलेलं असतं. मधला आकडा वर्षाचा आणि बाण महिन्याकडे. ते वर्ष आरसीवरच्या उत्पादन वर्षाच्या बरंच नंतरचं निघालं, तर त्या बाजूचा पत्रा, वेल्डिंग आणि चासी मेकॅनिकला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका.